सिझरची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे: कधी उठायचं, कधी उचलायचं नाही आणि घरोघरी नेमकं काय चुकतं

आमच्याकडं सिझर झालेल्या बाईला पहिले दोन दिवस "उठू नगंस, टाकं तुटतील" म्हणून गादीला चिकटवून ठेवतात, आणि बारसं उरकून पाहुणे गेले की विसाव्या दिवशी तिच्याच हातात पाण्याची बादली येते. नेमकं उलटं करायला पाहिजे. पहिल्याच दिवशी उठवायचं आणि सहा आठवडे वजन उचलू द्यायचं नाही. एक सिझर माझं स्वतःचं झालंय, नंतर जावेच्या आणि मावसबहिणीच्या वेळी रात्री उशाला मीच होते, आणि तिन्ही वेळा चुका त्याच त्याच झालेल्या बघितल्यात म्हणून हे क्रमानं लिहितेय. मी काय डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांनी तुमची केस बघून वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

टप्पा १: आठव्या महिन्यातच उरकायची कामं

"आमची नॉर्मलच होणार" म्हणून सिझरचा विषयच घरात काढायचा नाही असं बऱ्याच घरांत असतं, अपशकुन म्हणे. मग रात्री दोनला बाळाचे ठोके कमी झाले की सही कोण करणार, रक्त कोण आणणार, पैसे कुठल्या खात्यात आहेत, सगळं तिथं व्हरांड्यात ठरतं. तारीख ठरलेलं सिझर असो नाहीतर नसो, खालची तयारी सगळ्यांनी करायची.

पहिलं काम रक्ताचं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमीच आहे, "आमच्यात सगळ्यांचं नऊच असतंय" हे उत्तर नाही. ऑपरेशनमध्ये नॉर्मलपेक्षा जास्त रक्त जातं आणि लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढायला आठवडे लागतात, म्हणून नवव्या महिन्यात जागं होऊन फार उपयोग होत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, आधी आणि नंतर तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. दोन्ही एकदम गिळून "गोळ्या चालू आहेत की" म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, माझी जाऊ त्यातलीच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर दोन गोष्टी: रक्त लागलंच तर त्याची सोय आधी विचारून ठेवा, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते कुणी विसरणार नाही याची जबाबदारी घरातल्या एका माणसाला नाव घेऊन द्या.

दुसरं, रस्ता. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बायकांना सांगली-मिरजेला यायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहितीये, पण गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली की तो वेळ किती वाढतो हे कुणी धरत नाही. जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि घर कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठाला असेल तर पाणी चढायची वाट बघू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण बघितलंय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे, तिथपर्यंत थांबायचंच नाही, तारखेच्या दोन आठवडे आधी मिरजेत नाहीतर सांगलीच्या विश्रामबागेत कुणा पाहुण्याकडं जाऊन राहा. अॅम्ब्युलन्सचे नंबर १०८ आणि १०२, ते नवऱ्याच्या एकट्याच्या फोनमध्ये नकोत, सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजेत.

तिसरं, पैसे आणि कागद. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा मोफत असतं, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण त्यात धरलेलं आहे, परत घरी सोडायला गाडीपण. खाजगीत जाणार असाल तर पॅकेज विचारताना नुसता आकडा विचारून उठू नका. भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, औषधं, खोलीभाडं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचा खर्च, यातलं काय धरलंय आणि काय नाही ते एकेक करून विचारा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा, आणि फाईल कपाटात नको, बॅगेत.

चौथं, सह्यांचे विषय. कॉपर टी त्याच वेळी बसवायची का, दुसरं-तिसरं बाळ असेल तर नसबंदी करायची का, हे नवराबायकोनं घरी बसून ठरवायचं. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात फॉर्म पुढं आल्यावर सासू एक म्हणते, आई एक म्हणते आणि ज्या बाईचं शरीर आहे ती आत टेबलावर.

थांबा: मुहूर्ताचं. तारीख ठरवून सिझर असेल आणि दुसरं वैद्यकीय कारण नसेल तर डॉक्टर साधारण ३९ आठवडे पूर्ण व्हायची वाट बघतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. चांगलं नक्षत्र मिळावं म्हणून ३७ व्या आठवड्यात घाई करणं म्हणजे बाळाच्या फुफ्फुसाशी खेळ आहे. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांतच भटजींकडून वेळ काढा की, कोण नको म्हणतंय.

टप्पा २: बॅग, पण ऑपरेशनच्या हिशोबानं

बाळाची झबली-टोपडी-दुपटी सगळे भरतात, त्यावर मी लिहित नाही. बाईची बॅग रिकामी असते तिच्याबद्दल लिहिते. पुढून उघडणारे चार सैल गाऊन घ्या. साडी आणि परकर अजिबात नको, कारण परकराचा नाडा बरोबर टाक्यावर येतो. निकरसुद्धा नेहमीपेक्षा एक-दोन साईज मोठ्या, सुती आणि बेंबीच्या वर जाणाऱ्या घ्या. मोठे पॅड दोन पाकिटं लागतील, सिझर झालं तरी अंगावरून जातंच, "ऑपरेशनमध्ये सगळं साफ केलंय की मग कशाला" असं मला एका शिकलेल्या बाईनं विचारलेलं. लांब वायरचा चार्जर आणि वाकड्या नळीचे स्ट्रॉ आणा, आडवं पडून पाणी प्यायला स्ट्रॉसारखं दुसरं काही नाही. मऊ पण घट्ट अशी एक लहान उशी आणा, तिचं काम पुढं सांगते.

आणि घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आत्ताच आणून ठेवा, मेडिकलच्या सामानाच्या दुकानात भाड्यानं पण मिळते. हे कुणालाच आधी सुचत नाही. घरी आल्यावर पहिल्या सकाळी बाई खाली बसते आणि उठता येत नाही म्हणून आतून हाका मारते, तेव्हा सुचतं.

टप्पा ३: आदला दिवस आणि ती सकाळ

डोहाळजेवणाचा हिरवा चुडा, जोडवी, नथ, मंगळसूत्र सगळं काढावं लागतं. जोडवी तर महिनाभर आधीच काढून बघा, पाय सुजलेले असतात आणि मग साबण, तेल, दोरा असले खेळ ऐनवेळी चालतात. नेलपॉलिश काढा, बोटांच्या टोकांवर गडद मेंदी नको, कारण बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र नीट आकडा दाखवत नाही. काढलेले दागिने कुणाकडं दिले ते त्या माणसाला मोजून सांगा.

खालचे केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक कापलं की तिथून जंतू आत जायला वाट होते. गरज असेल तर दवाखान्यात मशीननं काढतात. स्वच्छ आंघोळ करा, पोटाला तेल, पावडर, क्रीम काही लावू नका.

उपाशी राहण्याचं सगळ्यात जास्त चुकतं. साधारण नियम असा की जेवण सहा ते आठ तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालू शकतं, पण नक्की वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच धरायची. पोटात अन्न असताना उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं, म्हणून हा नियम आहे. दुधाचा चहा हे पाणी नाही, ते अन्न धरतात! सकाळी सातचं ऑपरेशन आणि पाचला आई मायेनं चहा-बिस्किट देते, मग ऑपरेशन पुढं ढकललं की दवाखान्याच्या नावानं बोटं मोडायची. आणि खाल्लं असेल तर खाल्लंय म्हणून सांगा, लपवणं सगळ्यात वाईट.

तपासा: बीपी, थायरॉईड, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे विचारलं का? रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते सांगितलं का? पाठीत भूल द्यायची का नाही हे त्यावर ठरतं. औषधाची अॅलर्जी, दमा, कालपासूनचा ताप-खोकला, हलणारा दात, हे सगळं न विचारता सांगायचं.

टप्पा ४: ओटीत

हे तुमच्या हातात फार नाही म्हणून थोडक्यात. पाठीत इंजेक्शन देताना पाठ मांजरासारखी बाहेर काढून बसायचं, हलायचं नाही, कळ आली तर आधी सांगायचं. पाय गरम, जड होतात आणि मग आपले वाटतच नाहीत. आत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं पण दुखत नाही, दुखलं तर लगेच बोला. मळमळणं, दात वाजेपर्यंत थंडी भरणं हे बऱ्याच जणींना होतं, घाबरू नका पण सांगा. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, उरलेला वेळ शिवायला जातो, सगळं मिळून पाऊण तास ते तासभर. बाहेरच्यांनी बाळ दिसलं की पेढे आणायला पळू नये, बाई अजून आत आहे.

पाठीतल्या इंजेक्शननं जन्मभर कंबर दुखते म्हणतात. तसं नसतं हो. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, पण नंतरची कंबरदुखी बहुतेक वेळा वाकून दूध पाजण्यानं आणि चुकीचं उठण्याबसण्यानं असते.

टप्पा ५: पहिले २४ तास, इथंच गाडी रुळावर येते किंवा घसरते

पाय बधिर असतानाच जरा हलवता यायला लागले की पंजे वर-खाली करायला सुरुवात करा, दर तासाला दहा-पंधरा वेळा. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरायची भीती असते आणि ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. सिझरनंतर लवकर उठवतात ते मुख्यतः यासाठी, सिस्टरला तुमचा राग आलाय म्हणून नाही.

पाणी डॉक्टर सांगतील तेव्हा घोट घोट सुरू करा, बऱ्याच ठिकाणी काही तासांतच देतात. "गॅस सुटल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही" असला जुना नियम घरच्यांनी लावू नये. दुसऱ्या टोकाला जाऊन नातेवाईकांनी डब्यातली भाकरी पण भरवू नये.

बाळ छातीशी शक्य तितक्या लवकर, जमलं तर पहिल्या तासातच. तुम्ही आडव्याच असता, हाताला सलाईन असतं, म्हणून जवळच्या बाईनं बाळ धरून लावायचं. पहिलं चिकाचं दूध चमचाभरच येतं आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. मध नाही, साखरेचं पाणी नाही, गाईचं दूध नाही. "सिझरच्या बाईला तीन दिवस दूध येत नाही" म्हणून वरचं दूध सुरू करतात आणि मग बाळ ओढत नाही म्हणून खरंच दूध यायला उशीर होतो. भरून दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, कधी एखादा दिवस पुढं, तोपर्यंत चीक पाजत राहणं हेच काम. वजन, शुगर बघून बाळाच्या डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं तर गोष्ट वेगळी.

आता उठणं. बहुतेक ठिकाणी ६ ते २४ तासांच्या मध्ये पहिल्यांदा उठवतात. हा क्रम पाठच करून ठेवा:

१. उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन मिळालंय का विचारा. दुखणं चढल्यावर उठायला गेलात तर पुन्हा उठायची हिंमत होत नाही.

२. उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही, कधीच नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा, मग खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा.

३. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून वर या. जोर हातावर, पोटावर नाही.

४. बसल्यावर दोन-तीन मिनिटं तशाच बसा. डोळ्यापुढं अंधारी आली तर परत आडवं व्हा, लाज कसली.

५. दोन्ही बाजूंनी माणूस घेऊन उभ्या राहा. उभं राहिल्यावर एकदम अंगावरून जाईल, साठलेलं असतं ते. आणि सरळ उभं राहायचं! सगळ्या जणी टाक्यावर हात ठेवून म्हातारीसारख्या वाकून चालतात, त्यानं पाठ धरते आणि पोट सैल होत नाही. टाके सरळ उभं राहिल्यानं तुटत नाहीत, आत एकावर एक थर शिवलेले असतात.

६. पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग संडासपर्यंत. तेवढं बास. संध्याकाळी परत.

खोकला, शिंक, हसू आलं की ती लहान उशी पोटावर दाबून धरा. हेच तिचं काम.

तपासा: लघवीची नळी काढल्यावर सहा तासांच्या आत लघवी झाली का? झाली नाही किंवा थेंब थेंबच होतेय तर सिस्टरला सांगा, "होईल गं" म्हणून बसू नका. बसल्यावर डोकं प्रचंड दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, असं होत असेल तर तेही सांगा, पाठीतल्या इंजेक्शनमुळं काहींना होतं आणि त्यावर उपाय आहे. २४ तास उशी न घेता सपाट झोपल्यानं ते टळतं हा मात्र समज आहे.

टप्पा ६: दवाखान्यातले पुढचे दिवस

दुखण्याच्या गोळ्या घड्याळ लावून घ्या, सहन होईना झाल्यावर नको. "गोळ्यांनी दूध आटतं" हे खरं नाही, बाळंतिणीला नेहमी देतात त्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दूध पाजताना चालतात. दमा, किडनी, पोटात अल्सर, बीपी असं काही असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. दुखणं दाबून धरणारी बाई चालत नाही, नीट पाजत नाही, आणि सगळे म्हणतात किती सोशिक आहे.

दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, कळ कधी खांद्यात पण येते. औषधाइतकाच उपाय चालण्याचा आहे. कोमट पाणी प्या, मऊ खा. शी तीन दिवस झाली नाही तर पातळ होण्याचं औषध मागून घ्या, जोर लावत बसू नका.

पाजताना बाळ मांडीवर आडवं घेतलं की त्याचे पाय टाक्यावर आपटतात. म्हणून बाळ बगलेत धरा, कळशी कमरेवर घेतो तसं, त्याचे पाय तुमच्या पाठीकडं आणि खाली उशी. रात्री कुशीवर झोपून पाजा, पण डुलकी लागायच्या आधी बाळ बाजूला घ्यायला कुणीतरी जागं पाहिजे.

भेटायला येणाऱ्यांचं एक सांगते आणि पुढं जाते. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत एका वेळी अकरा माणसं होती आणि मला बाळाला पाजायला जागा नव्हती. दारात उभं राहून नाही म्हणणारा माणूस एक लागतो, तो नवराच असलेला बरा, कारण सासरच्यांना सून नाही म्हणू शकत नाही.

डिस्चार्जच्या आधी तपासा: टाके विरघळणारे आहेत का काढायचे, आणि काढायचे तर कुठल्या दिवशी? पट्टी कधी काढायची? कुठल्या गोळ्या किती दिवस? बाळाला बीसीजी, पोलिओ, कावीळ-बीच्या लसी दिल्या का? जन्मनोंदणीसाठी नावं, स्पेलिंग बरोबर लिहिलीत का? नंतर दुरुस्तीला चकरा माराव्या लागतात. आणि बीपी जास्त होतं त्यांनी पुढच्या आठवड्यात बीपी कधी बघायचं ते लिहून घ्या, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते परत चढू शकतं.

टप्पा ७: घरी

येताना चारचाकीच बघा, पोटावर उशी आणि तिच्यावरून नाही, तर पोटाखालून बेल्ट. रिक्षाशिवाय इलाज नसेल तर स्पीडब्रेकरचं आधीच सांगून ठेवा.

टाके: पट्टी निघाल्यावर रोज साधं पाणी आणि साबणाचा फेस वरून जाऊ द्या, घासू नका, स्वच्छ पंचानं टिपून कोरडं करा. हळद, तेल, पावडर, भस्म, कुणी सांगितलेलं मलम, काही नाही. पोट खाली लोंबत असेल तर त्या घडीत घाम साठतो आणि टाके तिथंच पिकतात. दिवसातून दोनदा आडवं पडून घडी उघडी करा, वारा लागू द्या, मऊ कोरडं सुती कापड घाला.

शेक-शेगडी. यावर माझं आणि आत्यांचं (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) चांगलंच वाजलं होतं. बाजेखाली निखारे, दारं-खिडक्या बंद, वर ओवा-वावडिंगाची धुरी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि आत बाळ-बाळंतीण दोघंही झोपलेली असतात. दुसरं, टाक्याभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, तिथं चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. आम्ही शेवटी तडजोड केली: शेगडी बंद, गरम पाण्याची पिशवी फक्त कंबरेला, आणि गरम पाण्यानं आंघोळ. आत्या तोंडानं नाही म्हणाल्या पण नंतर नणंदेच्या वेळी त्यांनीच शेगडी काढली नाही.

मालिश हात, पाय, पाठीला चालेल, पोटाला सहा आठवडे आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. एक पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय तर तिला तर अजिबात चोळायचं नाही, थेट दवाखाना. पोटाला पट्टा बरा वाटला तर चालता-फिरताना सैलसर बांधा. जुनं लुगडं दोघींनी ओढून करकचून बांधल्यानं पोट आत जात नाही, श्वास तेवढा अडकतो.

खाणं: "भातानं टाके पिकतात", "पाणी कमी पी, पोट सुटेल", "वरण नको, वायू धरतो". हे सगळं पाळलं की बाईला मिळतं काय? तूप-भाकरी आणि बद्धकोष्ठ. जखम भरायला प्रथिनं लागतात: मुगाचं वरण, मटकी, दूध, अंडी, खाणाऱ्यांनी मटणाचा रस्सा. ज्वारीची भाकरी, शेपू-मेथीची भाजी, पपई, भिजवलेले मनुके खा, आणि पाजायला बसताना दर वेळी एक तांब्या पाणी जवळ. भात खुशाल खा. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर चांगलीच, पण दिवसाला एक लाडू, तीन नाही, आणि गरोदरपणात शुगर होती त्यांनी आधी विचारा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. इथं जवळजवळ सगळ्याच जणी बाराव्या दिवशी सोडून देतात.

टप्पा ८: या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही

तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजतोय किंवा अंड्याएवढी गाठ पडतेय. ताप १००.४ च्या वर. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. टाक्यातून पू, वाढत जाणारी लाली, टाका उघडलेला. एकच पाय सुजून दुखतोय. धाप लागतेय, छातीत दुखतंय. प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, झटका. लघवी बंद. बाळाच्या बाबतीत: ओढत नाही, उठवलं तरी उठत नाही, तळपायापर्यंत पिवळं, श्वास भरभर, किंवा पाच दिवसांनंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू.

यातलं एक जरी असेल तर १०८. "उद्या ओपीडीला दाखवू" नाही, आणि आधी कुणाला तरी फोन करून विचारू हेही नाही. ही यादी फ्रिजला चिकटवा, कारण बाई तापात असेल तर तिला स्वतःला कळत नाही.

टप्पा ९: पंधराव्या दिवसापासून सहा आठवडे

इथंच सगळं बिघडतं. बाई चालायला लागलेली असते, वरून टाका सुकलेला असतो, म्हणजे बरी झाली असं घर धरून चालतं. आतले थर अजून भरत असतात. बाळाच्या वजनापेक्षा जड काही नाही: हंडा, बादली, गॅसची टाकी, आणि सगळ्यात अवघड म्हणजे मोठं मूल. मोठ्याला उचलायचं नाही, बसून जवळ घ्यायचं, त्याला तेवढंच पाहिजे असतं. चालणं रोज थोडं वाढवा. खाली बसून भाकरी थापणं, कपडे आपटणं, दुचाकी, सगळं सहा आठवड्यांनंतर. जिना दिवसातून एक-दोनदा हळूहळू चालेल.

अंगावरून चार ते सहा आठवडे थोडं थोडं जात राहतं, रंग फिका होत जातो. फिका झालेला परत लालभडक झाला की समजा तुम्ही जास्त राबलात, पडून राहा, आणि थांबलं नाही तर दाखवा. आशाताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन जातात, त्यांना दारातून "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवू नका, टाका दाखवा, बाळाचं वजन करून घ्या.

रडू येणं पहिले दहा-पंधरा दिवस चालतं. त्यानंतरही रोज रडू येतंय, बाळ झोपलं तरी झोप नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा नको ते विचार येतायत, तर ती दृष्ट नाही आणि नखरे पण नाहीत, आजार आहे आणि बरा होतो. डॉक्टरांना सांगा, नाहीतर १४४१६ वर टेली-मानसला (मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर बाईला एकटं सोडायचंच नाही, लगेच दवाखाना.

नवराबायकोचं जवळ येणं सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि तेही बाईची इच्छा असेल तर. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. कॉपर टी बसवली नसेल तर त्या तपासणीतच काय वापरायचं ते ठरवा, पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी किमान दीड-दोन वर्षं गेलेली बरी, गर्भपिशवीवरचा टाका नीट भरायला पाहिजे.

सहा आठवड्यांच्या तपासणीला नव्वद टक्के बायका नुसत्या बाळाला घेऊन जातात, लसीसाठी. (आकडा माझ्या मनाचा आहे, पण तुम्हीच बघा.) तुम्हीही टेबलावर चढा: टाका, बीपी, हिमोग्लोबिन, आणि शुगर होती त्यांची शुगर. डिस्चार्ज कार्डावर सिझर का केलं आणि गर्भपिशवीवर काप कुठला घेतला ते लिहिलंय का बघा, नसेल तर तिथंच लिहून घ्या. "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" असा नियम नाही, पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा का हे ठरवताना नवीन डॉक्टर पहिलं हेच विचारतात. त्या कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा, एक माहेरी ठेवा, आणि मूळ कार्ड लसीच्या पुस्तकातच राहू द्या, म्हणजे हरवणार नाही.